शाळेत संगीत शिक्षक व्हायचंय? आधी शाळा ठरवा, मग कोर्स

दरवर्षी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षांचे निकाल लागले की मला दोन-तीन तरी फोन येतात. बोलणं साधारण एकच. "ताई, विशारद झालं. आता शाळेत लागायचंय. शिक्षकाचं लायसन्स कुठून काढतात?" मागे कळव्याच्या एका मुलीने तर ते ऑफिस ठाण्यात आहे की वाशीत, हेच विचारलं. हसण्यासारखं त्यात काही नाही. अमेरिकेत शिक्षकाला राज्याचं लायसन्स लागतं आणि मोबाइलवर शोधलं की तिथलीच माहिती आधी पुढ्यात येते.

आपल्याकडे असं एक लायसन्स नाही. चित्रकला शिक्षकाला निदान एटीडी (आर्ट टीचर डिप्लोमा) आहे, सगळ्या शाळांना कळणारं. संगीताला तसा सर्वमान्य एकच कागद नाही. कुठली शाळा, कुठलं बोर्ड, पगार कोण देणार, यावर लागणारे कागद बदलतात. म्हणून माझा सगळ्यांना एकच सल्ला असतो: आधी शाळेचा प्रकार ठरवा आणि मग कोर्सला पैसे भरा. मी नेमकं उलटं केलं आणि त्यात चार वर्षं घालवली. तुमची तरी वाचोत.

पहिली पायरी: कुठल्या शाळेत जायचं?

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात ढोबळमानाने चार दारं आहेत.

पहिलं दार केंद्रीय विद्यालयाचं. आपल्या बाजूला अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत एक आहे. तिथे संगीत शिक्षकाचं पद प्राथमिक शिक्षकाच्या श्रेणीत येतं. बारावीला किमान ५० टक्के आणि संगीतातली पदवी किंवा तत्सम पात्रता मागतात, शिवाय हिंदी-इंग्रजीतून शिकवता आलं पाहिजे. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं. भरती देशभराची एकत्र निघते. २०२२ च्या जाहिरातीत संगीताच्या ३०३ जागा होत्या. लेखी परीक्षा असते आणि गाऊन-वाजवूनही दाखवावं लागतं. पण एक ध्यानात घ्या. अंबरनाथ डोळ्यासमोर ठेवून फॉर्म भरलात तरी नेमणूक देशात कुठेही होऊ शकते. घरी आईवडील एकटे असतील तर हा विचार फॉर्म भरण्याआधीच करा.

दुसरं दार नवोदय विद्यालयाचं. आपल्याला जवळचं म्हणजे रायगडमधलं निजामपूरचं आणि पालघरमधलं माहीमचं. विशारदवाल्यांना ही वाट सोयीची, कारण नवोदयच्या पात्रतेत बारावीसोबत गांधर्व महाविद्यालय मंडळाची संगीत विशारद परीक्षा नाव घेऊन दिलेली आहे. तशीच प्रयाग संगीत समितीची प्रभाकरही. श्रेणी केंद्रीय विद्यालयातल्या प्राथमिक पदापेक्षा एक पायरी वर, मूळ वेतन ४४,९००. शाळा निवासी असल्याने तुम्हीही आवारातच राहता. संध्याकाळी सहाला मुलं पेटी मागायला दारात उभी राहतात. मला हे ऐकूनच छान वाटतं, माझ्या नवऱ्याला नाही वाटलं.

तिसरं दार अनुदानित मराठी शाळेचं. इथे महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी कायदा १९७७ आणि त्याची १९८१ ची नियमावली लागू होते. शिक्षकांची पात्रता तिच्या अनुसूची 'ब' मध्ये आहे. संस्थेने घेतलं म्हणून काम झालं असं नाही, शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आल्याशिवाय सरकारी पगार सुरू होत नाही. खरं सांगायचं तर संगीताची पूर्णवेळ मंजूर जागा रिकामी असणं हेच दुर्मिळ. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तर कलेसाठी अंशकालीन निदेशक नेमायची तरतूद आहे. त्या जागा मानधनावरच्या असतात. अनुभवासाठी ठीक, पण त्याच्या भरवशावर घराचा हप्ता काढू नका.

चौथं दार खासगी सीबीएसई, आयसीएसई शाळांचं. घोडबंदर रोड, ऐरोली, नेरूळ, खारघर, जिकडे टॉवर तिकडे या शाळा. आपल्याकडच्या बहुतेक नोकऱ्या इथेच आहेत. पात्रता शाळा आपापली ठरवते, पगारही. कुठे विशारद पुरतं, कुठे पदवी मागतात, कुठे कीबोर्ड आणि गिटार आलंच पाहिजे असा आग्रह. आठवीपर्यंत शिकवायचं तर फारसं अडत नाही. अकरावी-बारावीला हिंदुस्थानी गायन हा विषय असेल (सीबीएसईत त्याचा कोड ०३४) तर पदव्युत्तर पदवी लागते.

दुसरी पायरी: कोर्स

गांधर्वचं बहुतेकांना माहीत असतं, तरी नव्यांसाठी थोडक्यात. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांच्या शिष्यांनी पुढे १९३१ मध्ये मंडळ स्थापन केलं. त्याचं मोठं केंद्र आपल्या वाशीतच आहे. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण, अशा सात परीक्षा झाल्या की माणूस विशारद. पुढे अलंकार. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर. नौपाड्यापासून बेलापूरपर्यंत कुठल्याही घरगुती क्लासमध्ये विचारा, फॉर्म कोणत्या केंद्रातून भरायचा ते सांगतील.

आता सगळ्यात जास्त गोंधळाचा प्रश्न. विशारद म्हणजे बीए का? नाही. विशारद ही विद्यापीठाची पदवी नव्हे. काही जाहिराती तिला पदवीच्या तोडीची धरतात, काही धरत नाहीत. नवोदयने नाव घेऊन धरली म्हणून सगळीकडे चालेल असं गृहीत धरू नका. माझ्या बरोबरीच्या एकीने बारावीनंतर कॉलेज सोडून नुसतं विशारद आणि अलंकार केलं. गाते ती माझ्यापेक्षा कितीतरी सरस. पण "पदवी कुठली?" या रकान्यापाशी तिचा फॉर्म दर वेळी अडतो. त्यामुळे कुठल्याही विषयाची का होईना, विद्यापीठाची पदवी हातात असू द्या. संगीतातलीच हवी असेल तर चर्चगेटला मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आहे आणि मुलींसाठी तिथेच एसएनडीटीचाही. ठाण्याहून फास्ट लोकलने दादर, तिथून पश्चिम रेल्वे. रोज जायचं तर तंगडतोड होते, पण पाठांतराला वेळ भरपूर मिळतो. माझे अर्धे ठेके मी विंडो सीटच्या कडेवर बोटं आपटून पक्के केलेत.

पाश्चात्त्य संगीताकडे ओढा असेल तर ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या मंडळांच्या परीक्षा. दोन्हींच्या आठ ग्रेड असतात. एबीआरएसएममध्ये सहावी किंवा त्यापुढची वाद्याची ग्रेड द्यायची तर आधी पाचवी थिअरी काढावी लागते, ट्रिनिटीत तशी अट नाही. खारघर-बेलापूरकडच्या शाळांत याला मागणी आहे. पण इथेही तेच, ग्रेड म्हणजे पदवी नव्हे.

तिसरी पायरी: बी.एड. करू की नको?

करा, पण वेगळ्या कारणासाठी. बी.एड. दोन वर्षांचं, प्रवेश राज्याच्या सीईटी सेलमार्फत (सामायिक प्रवेश परीक्षा), खुल्या गटाला पदवीला ५० टक्के लागतात. बहुतेक कॉलेजांत अध्यापन पद्धती म्हणून मराठी, हिंदी, इतिहास, गणित असेच विषय मिळतात, संगीत क्वचितच. मग संगीतवाल्याने ते का करायचं?

कारण शाळेचं वेळापत्रक. लहान शाळेत संगीताचे आठवड्याला जेमतेम बारा-पंधरा तास निघतात. तेवढ्यासाठी पूर्णवेळ माणूस ठेवायला व्यवस्थापन कां कू करतं. पण तोच माणूस मराठीही शिकवत असेल तर चित्र बदलतं. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं झालंय. ऐरोली-खारघरच्या सीबीएसई शाळांना मराठी शिक्षक हवाच असतो. बीए मराठी, बी.एड. आणि विशारद ही त्रयी सध्या आपल्या भागात सगळ्यात लवकर खपते, असं माझं मत. सहावी ते आठवीला मराठीवर नेमणूक हवी असेल तर टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपरही काढून ठेवा. १५० गुणांचा असतो, उत्तीर्ण व्हायला खुल्या गटाला ९० लागतात आणि प्रमाणपत्र आता आजीवन चालतं. टीईटीत संगीत असा विषय नसतो. त्यामुळे "संगीताची टीईटी करून देतो" असं सांगणारा क्लास भेटला तर नमस्कार करून पुढे चला.

चौथी पायरी: कागदांची फाइल

इथे माझीच फजिती सांगते. माझं विशारदचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं, आणि पदवीच्या गुणपत्रिकेत वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. एका शाळेत निवड झाली, पेढे वाटून झाले आणि ऑफिसातल्या क्लार्कने फाइल परत केली. "मॅडम, या तीन बायका आहेत." राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून आणेपर्यंत ती जागा दुसऱ्या कोणाला गेली. अर्ज ऑनलाइन होतो, पण वेळ लागतो. मुलाखतीच्या आठवड्यात धावाधाव करण्यापेक्षा आजच सगळे कागद शेजारी शेजारी मांडून नावं ताडून बघा.

चारित्र्य पडताळणीचंही तसंच. ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूरच्या घटनेनंतर सगळ्या शाळा याबाबत काटेकोर झाल्यात आणि व्हायलाच हव्यात. पोलिसांच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. तासावर पैसे घेणाऱ्या, शनिवारपुरत्या येणाऱ्या शिक्षकालाही हे लागतं. "मी तर फक्त गॅदरिंगपुरता" म्हणून सुटका नाही.

फाइलमध्ये अजून एक गोष्ट ठेवा, जी कोणी मागत नाही: तुम्ही मुलांना शिकवतानाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ. स्वतः गातानाचा नव्हे. सोसायटीच्या गणपतीत चार पोरांना आरती बसवलीत, तरी तो चालेल, फक्त त्यांच्या पालकांना विचारून काढा.

पाचवी पायरी: डेमो

डेमो म्हणजे निवडीआधी वर्गावर घ्यायचा नमुना तास. खासगी शाळेत निर्णय होतो तो इथे. बहुतेक नवे इथेच आपटतात आणि त्यात चांगले गाणारे जास्त असतात.

माझा पहिला डेमो तिसरीच्या वर्गावर होता. बेचाळीस मुलं, पस्तीस मिनिटं, मागच्या बाकावर मुख्याध्यापिका आणि सुपरवायझर. मी तयारीने गेले होते. भूप रागाची बंदिश, चार आलाप, दोन ताना. गायला लागले. दुसऱ्या मिनिटाला खिडकीजवळच्या मुलाने विचारलं, "टीचर, तुम्ही रडताय का?" वर्ग फुटला आणि परत काही जुळला नाही.

आता मी काय करते ते सांगते. वर्गात शिरल्यावर बोलायचंच नाही. टेबलावर दोन बोटांनी केहरवा ताल धरायचा, धा गे ना ती, न क धी न. आठ मात्रा. पहिलीवर टाळी, पाचवीवर हात हवेत. सम आणि खाली हे शब्दही काढायचे नाहीत. तिसऱ्या आवर्तनाला निम्मा वर्ग तुमच्याबरोबर असतो, सहाव्याला सगळा. मग मधेच थांबायचं. जो एकटा पुढे टाळी देतो तो खुदकन हसतो आणि मग सगळ्यांना तो खेळ पुन्हा हवा असतो. आता त्याच ठेक्यावर सा रे ग, एवढेच तीन स्वर. तुम्ही गा, ते म्हणतील. मग प आणि ध. भूप आपोआप तयार होतो, कारण त्यात म आणि नी लागतच नाहीत, आणि मुलांना अर्धे स्वर सांभाळावे लागत नाहीत. शेवटच्या पाच मिनिटांत चार ओळींचं गाणं. वही अजिबात काढायला लावू नका. पहिल्या तासाला फळ्यावर 'संगीताची व्याख्या' लिहिणारे शिक्षक मी पाहिलेत, आणि त्या वर्गाचे चेहरेही.

मागे बसलेल्यांचं लक्ष तुमच्या तानेकडे नसतं. दंगा करणाऱ्या मुलाचं तुम्ही काय करता, न गाणाऱ्या मुलीला कसं घेता आणि घंटा झाली तेव्हा वर्ग जागेवर आहे की दारात, हे ते बघतात. गप्प मुलीला मी मंजिरी देते. टाळ-मंजिरीची एक जोडी कायम पर्समध्ये असते. लोकलमध्ये किणकिणते, लोक वळून बघतात, बघू देत.

पट्टीचं भान

डेमोत आणि पुढे रोजच्या परिपाठात हा मुद्दा तुम्हाला वाचवेल, म्हणून सविस्तर लिहिते. पट्टी म्हणजे पेटीवरच्या ज्या काळ्या-पांढऱ्या सुरावर आपण सा धरतो तो. आपण वर्षानुवर्षं आपल्या पट्टीत गातो. पुरुष साधारण काळी एक-दोन, बायका काळी चार-पाच. लहान मुलांचा गळा या दोन्हींत नीट बसत नाही. सर खालच्या सप्तकात गायला लागले की मुलं त्या जाड आवाजाची नक्कल करतात आणि घसा दाबून घुमायला लागतात. बाई काळी चारमध्ये गायल्या की मंद्रातले, म्हणजे खालच्या सप्तकातले, स्वर मुलांना लागतच नाहीत.

राष्ट्रगीताचंच उदाहरण घ्या. अधिकृत वेळ सुमारे ५२ सेकंद आणि सुरांचा पल्ला मंद्र नी ते तार सा. शेवटी तीनदा येणाऱ्या 'जय हे'पैकी पहिल्याला तार सा येतो. कोणीतरी उत्साहाने पेटीवर पांढरी चारला सुरुवात केली की तिथे आठशे मुलांचा आवाज एकदम चिरकतो आणि सगळे शिक्षक संगीतवाल्याकडे बघतात. प्राथमिकच्या मुलांना मधल्या सप्तकात पांढरी एक ते पांढरी दोन द्या. वरचा सा पोचतो आणि खालचा नी हरवत नाही. १९ फेब्रुवारी २०२३ पासून 'गर्जा महाराष्ट्र माझा' हे राज्यगीत झालंय, शाळांत तेही म्हटलं जातं. त्याचीही पट्टी आधी घरी तपासा. मुलाखतीला "राष्ट्रगीत वाजवून दाखवा" म्हणाले तर वाजवण्याआधी "कितवीच्या मुलांसाठी?" असा प्रश्न टाका. समोरच्यांपैकी एक जरी जाणकार असेल तर अर्धं काम तिथेच झालं.

आठवी-नववीत मुलांचा आवाज फुटतो. त्या मुलांना गायचा आग्रह करू नका, तबल्यावर किंवा कीबोर्डवर बसवा. आणि स्वतःचा घसा जपा. दिवसाला सहा तास वर्गावर ओरडून गायलात तर दिवाळीपर्यंत आवाज बसेल. ओळ एकदा गायची, पुढची आवर्तनं पेटीवर.

पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो, त्याचं उत्तर तयार ठेवा: "याचा दहावीला उपयोग काय?" राज्य मंडळात शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या ठरावीक परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीला वाढीव गुण मिळतात. हे सांगितलं की संगीताच्या तासाला गणिताचा जादा वर्ग लावायची मागणी थोडी मऊ पडते. पूर्ण थांबत नाही.

रुजू होताना

नियुक्तीपत्र हातात पडल्याशिवाय पहिला तास घेऊ नका. घोडबंदरच्या बाजूला एका शाळेत मी 'जून लागला की देतो' या शब्दावर दीड वर्ष शिकवलं. गॅदरिंग बसवलं, स्पर्धांना मुलं नेली, माइकच्या वायरीसुद्धा गुंडाळल्या. सोडताना अनुभवाचा दाखला मागितला तर तुमचं नाव रजिस्टरवर नाही म्हणाले. ते दीड वर्ष माझ्या बायोडेटात कुठेच नाही.

पत्रात पद काय लिहिलंय ते वाचा. 'संगीत शिक्षक' की 'अ‍ॅक्टिव्हिटी शिक्षक', यावर पुढच्या शाळेत अनुभव धरला जातो की नाही ते ठरतं. आठवड्याचे तास किती, मे महिन्याचा पगार आहे का, गॅदरिंगच्या आधीच्या रविवारचं काय, हे तिथेच विचारून घ्या. विचारलं म्हणून कोणी नोकरी काढून घेत नाही.

आणि वाद्यं बघून घ्या. जूनमध्ये रुजू होताना बाहेर पाऊस असतो, चामड्याची पुडी ओल धरते आणि तबला उतरतो. पेटीच्या दोन-तीन पट्ट्या हमखास अडकलेल्या असतात. जे बिघडलंय ते पहिल्याच दिवशी लिहून मुख्याध्यापकांची सही घ्या, नाहीतर मार्चमध्ये ते तुमच्या नावावर निघतं. वाद्यांच्या कपाटाची किल्ली शिपायाकडे असते की पीटीच्या सरांकडे, तेही विचारून ठेवा. पीटीच्या सरांकडे असेल तर दुसरी करून घ्या, कारण ते मैदानावर असतात आणि तुमचा तास पस्तीसच मिनिटांचा असतो.